लंडनमधील धूरप्रदूषण

दगडी कोळशाच्या ज्वलनाने लंडन शहराच्या हवेचे शतकानुशतके झालेले प्रदूषण. त्याचे लेखी उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते अत्यंत तीव्र झाले, डिसेंबर १९५२ मधील पाच दिवसांच्या दाट धुरक्याने हजारो लोकांचा बळी घेतला आणि १९५६ च्या स्वच्छ हवा अधिनियमानंतर ते क्रमाने ओसरले. मानवी व्यवहारांतून उद्भवणाऱ्या प्रदूषणाची कारणे व परिणाम अभ्यासण्यास हे उदाहरण विशेष उपयोगी पडते; कारण इतक्या दीर्घ काळाचा लेखी पुरावा फारच थोड्या शहरांबाबत उपलब्ध आहे. त्या पुराव्यावरून असे दिसते, की धूर अपायकारक आहे हे लंडनकरांना फार पूर्वीच कळले होते. न उमगलेली, किंवा उमगूनही मान्य न केलेली बाब निराळी होती. हा धूर मुख्यतः कोणाचा, या प्रश्नाला सुमारे तीनशे वर्षे ‘कारखानदारांचा’ असे उत्तर देण्यात आले व कायदे त्या उत्तरावर बेतले गेले. घरोघरच्या शेगड्यांचा वाटा मान्य करून कायदा उंबरठ्याच्या आत नेण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

प्रारंभीचा काळ : मध्ययुगीन लंडनमध्ये जळण म्हणून लाकूड व लोणारी कोळसा वापरीत. दगडी कोळसा इंग्लंडच्या ईशान्य भागातील टाइन नदीच्या खोऱ्यातून, मुख्यत्वे न्यूकॅसल बंदरातून, गलबतांनी येई. म्हणून त्याला ‘समुद्री कोळसा’ असे नाव पडले. या कोळशाच्या नावाची एक गल्ली लंडनमध्ये १२२८ पासून नोंदलेली आढळते. लोहार व चुनाभट्टीवाले ही त्याची प्रमुख गिऱ्हाइके होती. तटबंदी, चर्च व मोठ्या इमारती यांच्या बांधकामाला चुना मोठ्या प्रमाणावर लागे आणि चुनखडी भाजण्यास हा स्वस्त कोळसा सोयीचा पडे. त्याचा धूर दाट, काळा व गंधकाच्या उग्र वासाचा असे. हा त्रास केवळ लंडनपुरता नव्हता. १२५७ मध्ये तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर हिचा नॉटिंगॅम येथे मुक्काम असता तेथील कोळशाचा धूर तिला असह्य झाला व ती ते गाव सोडून गेली. लंडनमधील चुनाभट्ट्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १२८५ मध्ये एक आयोग नेमण्यात आला. पुढे पहिल्या एडवर्डने १३०६-०७ च्या सुमारास भट्ट्यांमध्ये समुद्री कोळसा जाळण्यास बंदी करणारी राजाज्ञा काढली. ही आज्ञा मोडणाऱ्यास देहदंड दिल्याची कथा अनेक पुस्तकांत आढळते, परंतु तिला विश्वसनीय आधार नाही. आज्ञा फारशी पाळली गेली नाही, एवढे मात्र निश्चित. १३४८-४९ मधील प्लेगच्या भीषण साथीने लोकसंख्या एकदम घटली, तुटलेली राने पुन्हा वाढली व धुराची तक्रार बराच काळ मागे पडली. राजाज्ञेने जे साधले नाही ते रोगराईने साधले.

सोळाव्या शतकात चित्र पालटले. लंडनची लोकसंख्या वेगाने वाढून १६०० पर्यंत सु. दोन लाख झाली. सरपण दुरून आणावे लागे व त्याचा भाव वाढत गेला. सधन कुटुंबे प्रथम कोळशाला नाखूश होती. खुद्द पहिल्या एलिझाबेथ राणीला त्याच्या धुराचा त्रास होत असल्याचा उल्लेख १५७८ मधील आहे. पण दरिद्री वस्तीतून सुरू झालेली ही सवय शतकाअखेर सर्व थरांत पसरली. या बदलाबरोबर घराची रचनाही बदलली. लाकडाचा जाळ खोलीच्या मध्यभागी करून धूर छपरातून सोडता येतो. कोळशाला लोखंडी जाळीची शेगडी व विटांचे अरुंद धुराडे लागते. अशी धुराडी एकदा भिंतींत बांधली गेली, की त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोळसाच जळत राहतो. पुढील काळात सुधारणेच्या मार्गात जे अडथळे आले, त्यांपैकी हा भिंतीत चिणलेला अडथळा सर्वांत चिवट ठरला.

ईव्हलिन व ग्राँट : धुराविषयीचे पहिले स्वतंत्र पुस्तक जॉन ईव्हलिन (१६२०–१७०६) याने १६६१ मध्ये लिहिले व ते दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केले. फ्युमिफ्यूजियम हे त्याचे नाव. धुराने वस्त्रे, चित्रे व धातूची भांडी काळवंडतात, झाडांना फळ धरत नाही, खोकला व क्षय बळावतो, ही त्यातील निरीक्षणे आजही वाचनीय आहेत. यवमद्य गाळणारे, रंगारी, चुनाभट्टीवाले, साबण व मीठ तयार करणारे यांचे उद्योग शहराबाहेर टेम्सच्या खालच्या अंगाला हलवावेत आणि शहराभोवती सुगंधी झुडपांचे पट्टे लावावेत, अशी त्याची योजना होती. उद्योगांचे स्थलांतर व हरितपट्टा या आधुनिक नगररचनेतील दोन कल्पना येथे बीजरूपाने दिसतात. तथापि स्वयंपाकघरातील विस्तव क्षीण असल्यामुळे त्याचा धूर सहज विरून जातो, असे सांगून ईव्हलिनने घरगुती चुलींना दोषमुक्त केले. एका चुलीपुरते ते खरे होते. लाखो चुलींची बेरीज त्याने केली नाही आणि त्याच्यानंतरच्या कायदेकारांनीही दीर्घकाळ केली नाही.

लगेच पुढच्या वर्षी जॉन ग्राँट (१६२०–७४) या कापडव्यापाऱ्याने लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. शहरातील मृत्यूचे प्रमाण खेड्यांपेक्षा अधिक का, याचा विचार करताना त्याने समुद्री कोळशाच्या धुराकडेही बोट दाखविले. मृत्यूची आकडेवारी व हवेची स्थिती यांचा संबंध जोडण्याचा हा प्रारंभीचा प्रयत्न होय.

त्याच वर्षी, म्हणजे १६६२ मध्ये, घरातील प्रत्येक शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग असा कर इंग्लंडमध्ये बसविण्यात आला. या चूलपट्टीचा धुराशी काही संबंध नव्हता. राजाची तिजोरी भरणे हाच तिचा हेतू होता. परंतु शेगड्या मोजण्यासाठी सरकारी माणसे घरात शिरू लागल्याने ती कमालीची अप्रिय झाली व १६८९ मध्ये रद्द करावी लागली. सरकारने माणसाच्या शेगडीपर्यंत येऊ नये, ही भावना इंग्लिश समाजात किती खोल रुजली होती, हे यावरून दिसते. कोळशावरील जकातीला मात्र असा विरोध झाला नाही. १६६६ च्या आगीत भस्मसात झालेल्या सेंट पॉल कॅथीड्रलची पुनर्बांधणी मुख्यतः लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील करातून झाली. कोळशाच्या पैशाने उभी राहिलेली ही पांढऱ्या दगडाची वास्तू कोळशाच्याच धुराने काळी पडली.

औद्योगिक काळ व कायदे : बाष्प एंजिनाच्या प्रसाराने धुराडी उंच व असंख्य झाली. लंडनची लोकसंख्या १८०१ मध्ये सु. १० लाख होती, ती १९०१ मध्ये उपनगरांसह सु. ६५ लाख झाली. बाष्प एंजिनांच्या भट्ट्यांच्या धुराबाबत १८१९ मध्ये पार्लमेंटची समिती बसली व १८२१ मध्ये पहिला, बराचसा निष्प्रभ, कायदा झाला. गृहमंत्री पामर्स्टन यांच्या पुढाकाराने १८५३ मध्ये खास लंडनसाठी धूर-उपद्रव निवारणाचा अधिनियम संमत झाला. कारखान्यांच्या भट्ट्या व टेम्सवरील आगबोटी त्याच्या कक्षेत होत्या. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमाने ‘काळा धूर’ सोडणारे धुराडे हा उपद्रव ठरविला आणि त्याच वाक्यात कंस घालून खाजगी राहत्या घराचे धुराडे वगळले. ‘काळा’ या विशेषणानेही बरीच पळवाट दिली. आमचा धूर काळा नसून तपकिरी आहे, असा बचाव न्यायालयांत होऊ लागला. दंड झालाच तर तो भट्टी सुधारण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडे.

रासायनिक उद्योगांबाबत मात्र १८६३ चा अल्कली अधिनियम बराच यशस्वी झाला. त्याचा पहिला निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ (१८१७–८४) हा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने औद्योगिक शहरांवर पडणाऱ्या पावसाचे पृथक्करण केले व १८७२ मध्ये ‘अम्लवर्षा’ ही संज्ञा रूढ केली. या संज्ञेकडे पुढील ऐंशी-नव्वद वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

धुराचे स्वरूप : लंडनमध्ये जळणारा कोळसा बहुतांशी बिट्युमेनी जातीचा होता. अशा कोळशात बाष्पनशील द्रव्ये पुष्कळ असतात. बंद भट्टीत पुरेशा हवेवर व उच्च तापमानावर तो बऱ्याच अंशी पूर्णपणे जळतो. उघड्या शेगडीत वरून थंड कोळसा टाकला, की त्यातील डांबरी द्रव्ये पेट घेण्यापूर्वीच वाफ होऊन धुराड्यात जातात. तीच काजळी व डांबराच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडतात. म्हणून वजनाला वजन धरता घरगुती शेगडी कारखान्याच्या भट्टीपेक्षा कितीतरी अधिक धूर देते. शिवाय घराचे धुराडे बुटके असल्याने तो धूर वस्तीतच राहतो. कोळशातील गंधकापासून सल्फर डाय-ऑक्साइड वायू तयार होतो आणि धुक्याच्या थेंबांत विरघळून त्याचे सल्फ्यूरिक अम्लात रूपांतर होते. टेम्सचे खोरे सखल व दमट असल्याने हिवाळ्यात तेथे स्वाभाविकच धुके पडते. त्यात धूर मिसळला म्हणजे धुके पिवळसर, डोळ्यांना झोंबणारे व लवकर न विरणारे बनते. वाटाण्याच्या दाट कढणाची उपमा लंडनकर त्याला देत. धूर व धुके यांचे मिश्रण दाखविणारी जोडशब्दवजा इंग्रजी संज्ञा हेन्री अँटॉइन दे व्हो या डॉक्टराने १९०५ मध्ये प्रचारात आणली. मराठीतील ‘धुरके’ हा शब्दही त्याच धर्तीचा आहे.

परिणाम : धुराचा सर्वांत उघड परिणाम वास्तूंवर झाला. पार्लमेंटची नवी इमारत पूर्ण होण्यापूर्वीच तिच्या चुनखडकी दगडाचे पापुद्रे सुटू लागले व १८६१ मध्ये त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. १८८१ मध्ये खुल्या झालेल्या निसर्गेतिहास संग्रहालयाला बाहेरून भाजलेल्या मातीच्या फरश्या लावल्या आहेत. काजळी त्यांत मुरत नाही व त्या धुता येतात, हे त्या निवडीचे एक कारण होते. वनस्पतींपैकी धूर सोसणाऱ्या जातीच तगल्या. साल सोलवटून टाकणारे प्लेन वृक्ष लंडनच्या रस्त्यांवर इतके दिसतात, ते यामुळेच. प्राण्यांतील प्रसिद्ध उदाहरण लंडनचे नसून मँचेस्टरचे आहे. फिकट ठिपक्यांच्या एका पतंगाचा काळा प्रकार तेथे १८४८ मध्ये प्रथम नोंदला गेला. काजळीने काळ्या झालेल्या खोडांवर तो पक्ष्यांच्या नजरेस पडत नसे, त्यामुळे शतकाअखेर त्या भागातील जवळजवळ सर्व पतंग काळे झाले होते. हवा स्वच्छ झाल्यावर फिकट प्रकार पुन्हा वाढला.

माणसांवरील परिणामांपैकी कर्करोगाचा शोध प्रथम लागला. लहान वयात धुराड्यांत उतरून काजळी खरवडणाऱ्या मुलांना पुढे वृषणकोशाचा कर्करोग होतो, असे पर्सिव्हल पॉट (१७१४–८८) या शस्त्रक्रियातज्ज्ञाने १७७५ मध्ये दाखवून दिले. व्यवसायामुळे कर्करोग होत असल्याची ही पहिली वैद्यकीय नोंद मानतात. तरीही लहान मुलांना धुराड्यात उतरविण्याची प्रथा पूर्णपणे बंद पाडण्यास १८७५ पर्यंत एकामागून एक कायदे करावे लागले. धुराच्या आवरणामुळे हिवाळ्यातील सूर्यप्रकाश घटे व तो मुडदुसाच्या प्रसारास कारणीभूत होई. श्वासनलिकादाह हा तर ‘इंग्लिश रोग’ म्हणूनच ओळखला जाई. दाट धुक्याच्या आठवड्यांत मृत्यू वाढतात, हे १८७३, १८८० व १८९१-९२ या हिवाळ्यांत स्पष्ट दिसून आले. डिसेंबर १८७३ मध्ये इझ्लिंग्टन येथील जनावरांच्या प्रदर्शनातील कित्येक पुष्ट गुरे गुदमरून मेली. वृत्तपत्रांत गुरांची हळहळ बरीच झाली. माणसांची मोजदाद मागाहून झाली.

शेगडीचा प्रश्न : रोलो रसेल (१८४९–१९१४) या हवामान-अभ्यासकाने १८८० मध्ये लंडनच्या धुक्यावर एक पुस्तिका लिहिली व दोषाचा मोठा भाग घरगुती शेगड्यांच्या पदरात टाकला. सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद असूनही हवा काळी राहते, ही साधी गोष्टही त्याच निष्कर्षाकडे नेणारी होती. ऑक्टेव्हिया हिल व अर्नेस्ट हार्ट यांच्या पुढाकाराने १८८१-८२ च्या हिवाळ्यात साउथ केन्झिंग्टन येथे कमी धुराच्या शेगड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याला गर्दी पुष्कळ झाली. शेगड्या मात्र फारशा बदलल्या नाहीत.

याची कारणे केवळ अज्ञानात शोधणे योग्य होणार नाही. कायदा करणारा, त्याची अंमलबजावणी करणारा व तो मोडणारा या तिघांच्याही घरी तीच शेगडी होती. श्रीमंताच्या दिवाणखान्यात ती प्रतिष्ठेची व गप्पांची जागा होती. मजुराच्या खोलीत स्वयंपाक, ऊब, गरम पाणी व ओले कपडे वाळविणे ही सारी कामे त्या एकाच विस्तवावर होत आणि कोक किंवा अँथ्रासाइट यांसारखे निर्धूर इंधन त्याला परवडत नसे. शिवाय अशा इंधनाचा पुरवठाही तुटपुंजा होता. त्यामुळे पर्याय न देता बंदी घालणे म्हणजे गरिबाला थंडीत ठेवणे, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. त्याचा आश्रय घेऊन पर्याय उभा करण्याचे कामही टाळण्यात आले, हे मात्र आक्षेपार्ह आहे. १८९० नंतर नाणे टाकून चालणाऱ्या गॅस-मापकांमुळे कामगारवस्तीत गॅसच्या चुली आल्या व विसाव्या शतकाच्या आरंभी धुके काहीसे कमी झाले. क्लोद मॉने हा फ्रेंच चित्रकार १८९९ ते १९०१ या काळात केवळ धुक्यासाठी लंडनला येत असे. त्याच्या टेम्सवरील चित्रांतील मनोहर रंगच्छटांचे श्रेय बव्हंशी काजळीला द्यावे लागते.

या ब्रिटिश कायद्यांची परंपरा भारतातही आली. बंगालमध्ये १९०५ व मुंबईत १९१२ मध्ये धूर-उपद्रव अधिनियम करण्यात आले. त्यांचा रोख गिरण्या व कारखाने यांच्या भट्ट्यांवर होता. मुंबईच्या कापडगिरण्यांना १९१५ पासून खोपोली येथील जलविद्युत् मिळू लागली आणि बाष्प एंजिनांची जागा विजेच्या मोटारींनी घेण्यास आरंभ झाला. गिरणगावातील धुराच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता.

इंग्लंडमध्ये लॉर्ड न्यूटन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२१ मध्ये घरगुती धुराचे गांभीर्य स्पष्टपणे मांडले. तरीही १९२६ च्या धूरनियंत्रण अधिनियमातून राहती घरे पुन्हा वगळण्यात आली. दरम्यान डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधील म्यूझ नदीच्या औद्योगिक खोऱ्यात दाट धुरक्याने साठांहून अधिक माणसे दगावली. तेथे शवविच्छेदन करणाऱ्या फिर्के या वैद्याने पुढे १९३६ मध्ये हिशेब मांडला, की असेच संकट लंडनवर आले तर सु. ३,२०० मृत्यू घडतील. हा इशारा सोळा वर्षांनी खरा ठरला. चूक झाली ती एवढीच, की आकडा कमी निघाला.

डिसेंबर १९५२ : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जबाजारी होते. परकी चलन मिळविण्यासाठी चांगल्या प्रतीचा कोळसा निर्यात होई व देशातील घरांसाठी हलका माल उरे. कोळशाचे रेशनिंग चालूच होते; फक्त चुऱ्यात मिसळलेला निकृष्ट बारीक कोळसा १ डिसेंबर १९५२ पासून नियंत्रणमुक्त करण्यात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनची शेवटची विजेची ट्राम बंद होऊन तिच्या जागी डीझेल बसगाड्या आल्या होत्या. भर वस्तीतील वीजकेंद्रेही कोळशावरच चालत.

शुक्रवार, ५ डिसेंबर रोजी दक्षिण इंग्लंडवर हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र स्थिरावले. वारा पडला. जमिनीलगतची हवा थंड व तिच्यावरची उबदार, अशी उलटी स्थिती (तापमानाचे व्युत्क्रमण) निर्माण झाली. नेहमी जमिनीलगतची उबदार हवा वर जाते व धूर बरोबर नेते. येथे उबदार थराने झाकणाचे काम केले. थंडी कडाक्याची असल्याने लोकांनी शेगड्यांत अधिक कोळसा घातला. नंतरच्या हिशेबानुसार त्या दिवसांत दररोज सु. १,००० टन धूरकण, १४० टन हायड्रोक्लोरिक अम्ल आणि ३७० टन सल्फर डाय-ऑक्साइड लंडनच्या हवेत मिसळत होते. या वायूपासून सु. ८०० टन सल्फ्यूरिक अम्ल तयार झाले. सल्फर डाय-ऑक्साइडचे अम्ल इतक्या झपाट्याने कसे बनले, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. ज्वलनातूनच येणारा नायट्रोजन डाय-ऑक्साइड धुक्याच्या थेंबांत ही विक्रिया घडवून आणतो, असे २०१६ मधील एका संशोधनाने दाखविले.

बसच्या पुढे वाहक मशाल घेऊन चालू लागले व अखेर भूमिगत रेल्वे सोडून बहुतेक वाहतूक थांबली. रुग्णवाहिका मिळेनाशा झाल्या. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ८ डिसेंबरला संगीतिकेचा प्रयोग अर्ध्यात थांबवावा लागला, कारण धुरके सभागृहात शिरले होते. अर्ल्स कोर्ट येथील पशुप्रदर्शनात १८७३ ची पुनरावृत्ती झाली. त्यातही बक्षीसपात्र, निगा राखलेली गुरे अधिक दगावली. साफ न केलेल्या गोठ्यांतील मूत्राच्या अमोनियाने अम्लाचा अंशतः परिहार झाला व तेथील गुरे वाचली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मंगळवार, ९ डिसेंबर रोजी वारा सुटला व धुरके पांगले.

या पाच दिवसांत शहरात घबराट झाली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धुके लंडनकरांच्या अंगवळणी पडले होते. म्हातारी माणसे, तान्ही मुले व जुनाट श्वासविकाराचे रोगी घरोघर, एकेकटे मरत होते. शवपेट्या व फुले यांचा तुटवडा पडल्यावर काहीतरी विपरीत घडल्याची शंका आली. खात्री पटली ती मृत्यूच्या नोंदी एकत्र झाल्यावर. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहत् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले. आधीच्या वर्षी त्याच आठवड्यात ते १,८५२ होते. श्वासनलिकादाहाने होणारे मृत्यू सु. नऊ पटींनी वाढले होते. आरोग्य मंत्रालयाच्या अहवालात नेहमीपेक्षा अधिक झालेल्या मृत्यूंचा आकडा सु. ४,००० दिला आहे. जानेवारी व फेब्रुवारी १९५३ मध्येही मृत्युमान चढेच होते, पण त्याचे खापर इन्फ्ल्यूएंझावर फोडण्यात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत इन्फ्ल्यूएंझाने या वाढीचा थोडाच भाग स्पष्ट होतो, असे आढळले. तीनुसार एकूण बळी सु. १२,००० भरतात. म्हणजे तीन बळींपैकी दोन सरकारी हिशेबात आलेच नव्हते.

स्वच्छ हवा अधिनियम : सरकार प्रथम हालण्यास तयार नव्हते. गृहनिर्माणमंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या टिपणात, आपल्याला फारसे काही करता येणार नाही पण कामात गढल्याचे दाखविता येईल, अशा आशयाचे मत नोंदविले होते. लोकमताच्या दडपणाखाली जुलै १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बीव्हर हे अभियंता व उद्योजक होते, त्यामुळे समितीने धुराकडे नासाडी म्हणूनही पाहिले व हवेच्या प्रदूषणाने देशाचे दरसाल सु. २५ कोटी पौंडांचे नुकसान होते, असा अंदाज दिला. देशात जळणाऱ्या कोळशाचा एक-पंचमांशाहून कमी भाग घरगुती शेगड्यांत जाई, पण एकूण धुराचा जवळजवळ निम्मा भाग त्यांतून निघे. या आकड्यांनी तीनशे वर्षांचा वाद निकालात निघाला.

समितीच्या शिफारशी अंमलात आणण्याबाबत चालढकल होऊ लागली, तेव्हा सरकारपक्षाचेच सदस्य जेरल्ड नॅबारो यांनी खाजगी विधेयक मांडले. सरकारी विधेयकाचे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि ५ जुलै १९५६ रोजी स्वच्छ हवा अधिनियम संमत झाला. स्थानिक संस्थांना धूरनियंत्रित क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अशा क्षेत्रात घराच्या धुराड्यातूनही धूर काढणे गुन्हा ठरले. निर्धूर इंधनासाठी शेगडी बदलण्यास घरमालकाला खर्चाच्या दहापैकी सात भाग अनुदान देण्याची तरतूद होती. बंदी व पर्याय प्रथमच एकत्र आले. कल्पना अगदी नवी नव्हती. मँचेस्टर व लंडनचा जुना ‘सिटी’ विभाग यांनी स्वतःपुरती धूरमुक्त क्षेत्रे आधीच स्थापन केली होती. अंमल सावकाश झाला. डिसेंबर १९६२ च्या धुरक्याने पुन्हा शेकडो बळी घेतले व १९६८ मध्ये कायदा कडक करावा लागला. उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू १९६७ पासून मिळू लागल्यावर मात्र कोळशाची शेगडी आपोआप मागे पडली. हवा स्वच्छ होण्याचे श्रेय कायद्याला किती व वायूला किती, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

अधिनियमाचा कटाक्ष धुरावर होता. सल्फर डाय-ऑक्साइड त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्यासाठी योजलेला उपाय म्हणजे उंच धुराडी. वीजकेंद्रे शहराबाहेर गेली, त्यांची धुराडी आकाशाला भिडली आणि अम्ल वाऱ्याबरोबर उत्तर समुद्रापलीकडे गेले. स्वीडन व नॉर्वे येथील सरोवरांतील मासे नाहीसे होण्यामागे ब्रिटन व मध्य यूरोपातून येणारे गंधक आहे, असे स्वान्ते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने १९६७-६८ मध्ये प्रतिपादन केले. स्मिथची अम्लवर्षा विस्मृतीतून बाहेर आली ती अशी. स्टॉकहोम येथे १९७२ मध्ये भरलेल्या मानवी पर्यावरणविषयक परिषदेच्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न होता व १९७९ मध्ये जिनीव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयी करार झाला. गंधकाचे उत्सर्जन तीस टक्क्यांनी घटविण्याच्या १९८५ च्या पूरक करारावर मात्र ब्रिटनने सही केली नाही.

ब्रिटनमधील कोळशावरील शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. ते नॉटिंगॅमनजीक होते. लंडनची आजची हवा दिसायला निर्मळ असली, तरी तीत मोटारींचा नायट्रोजन डाय-ऑक्साइड व डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण असतात. दक्षिण लंडनमध्ये २०१३ साली दम्याने मरण पावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हवेचे प्रदूषण हेही मृत्यूचे एक कारण असल्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने दिला. व्यक्तीच्या मृत्यूचे कारण म्हणून प्रदूषणाची अशी नोंद ब्रिटनमध्ये प्रथमच झाली. अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांवर शुल्क आकारणारे क्षेत्र २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी सुरू झाले व २०२३ मध्ये सर्व बृहत् लंडनला लागू करण्यात आले. इंग्लंडमध्ये घरगुती वापराच्या पिशवीबंद बिट्युमेनी कोळशाची विक्री मे २०२१ पासून बंद आहे. त्याच सुमारास हौसेच्या लाकडी शेगड्या घरांत पुन्हा वाढल्या असून सूक्ष्म कणांच्या प्रमुख उगमांत त्यांची गणना होते. २०२१ च्या पर्यावरण अधिनियमान्वये धूरनियंत्रित क्षेत्रातील घराच्या धुराड्यातून धूर निघाल्यास स्थानिक संस्थेला १७५ ते ३०० पौंड दंड करता येतो.